नेस्टगार्डांच्या घरचा नंबर

व्हर्लिन नेस्टगार्ड यांनी नोकरीत असताना चाळीस वर्षं जिल्ह्याचे रस्ते मोजले आणि त्यांचा एकही रस्ता कधी हातभर इकडेतिकडे गेला नाही. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं, की तांब्याच्या तारांवरचे जुने फोन महिनाअखेर बंद होत आहेत, तरी ग्राहकांनी आपली दुसरी सोय बघावी, तेव्हा ते मुळीच गडबडले नाहीत. त्यांनी पत्राच्या नीट चार घड्या घातल्या, ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि जाहीर केलं, "आर्डिस, हे काम माझ्याकडे. आपण इंटरनेटवरचा फोन घेऊ."

त्यांच्या पत्नी आर्डिसबाई ओट्याशी बटाटे किसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नंबर तोच राहील ना?"

"तोच राहणार."

"नक्की?"

"आर्डिस, मी सर्व्हेअर होतो."

ह्यात प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. पण व्हर्लिनराव हे वाक्य अशा काही ठामपणे म्हणत, की समोरच्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटे. बाईंनी पुढचा बटाटा घेतला.

आता एका साध्या फोन नंबरात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. त्याला मी तरी असं म्हणेन, की तो कधी नॉर्बी लेकमध्ये राहिलेला नाही. गावात कुणी वारलं, की पास्टर क्रिस्टा पहिला फोन करतात तो आर्डिसबाईंना. मग बाई दुसऱ्या नंबरच्या बाईला फोन करतात, ती तिसरीला, अशी तेवीस बायकांची साखळी. पुरलं-बिरलं, की मंडळी चर्चच्या तळघरात जेवायला येतात, आणि त्या जेवणात हॅम कुणी आणायचं, ओव्हनमध्ये भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशची किती भांडी, लिंबाच्या वड्या कुणाच्या आणि हिरव्या जेलीचं सॅलड कुणाकडून अजिबात करून घ्यायचं नाही, हे सगळं पहिल्या नंबरची बाई ठरवते. एकोणीस वर्षं ते आर्डिसबाई ठरवत होत्या. मयत माणसाला काय आवडायचं हेही त्यांच्या लक्षात असे. गावात निवडणुका होत, महापौर बदलत. पण हे बदलत नसे.

दुसरा नंबर लव्हॉन ब्रुफ्लाट यांचा. त्या समोरच्याच घरात राहात. अठरा वर्षं दुसऱ्या नंबरावर होत्या आणि त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती, हे त्या इतक्या वेळा सांगत, की सगळ्या गावाला त्यांची तक्रार पाठ झाली होती.

आणि साखळीचा नियम असा: पहिला फोन लागला नाही, तर पास्टरनी सरळ दुसरा लावायचा. मयताच्या घरचं काम, थांबून कसं चालेल! मोबाइल होता नेस्टगार्डांकडे, नाही असं नाही. पण त्यांचं घर तळ्याकाठच्या खोलगट जागेत असल्यामुळे त्याला रेंज यायची ती फक्त छपरावर, तीही शिडी उत्तरेकडून लावली तर. शिवाय सगळ्यांचे नंबर चर्चच्या पुस्तिकेत छापलेले, आणि ती नवी पुस्तिका जानेवारीतच आली होती. पुढची पाच वर्षांनी.

तर नंबर तोच राहायला हवा होता.

रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी घेताना व्हर्लिनरावांनी विषय काढला मात्र, सल्ले देणारे कपबशा घेऊन जवळ सरकले. ड्वेन क्वामे म्हणाले, "बॅटरी घे बाबा. वीज गेली की तो फोनही मेला." ड्वेन म्हणजे गावातला यंत्रांचा जाणकार, त्यांच्याकडे बाजारातलं प्रत्येक यंत्र होतं, बहुतेक अजून खोक्यातच. त्यांचा स्वतःचा इंटरनेट फोन दोन वर्षांपूर्वी आला होता आणि आता त्या खोक्यावर टोमॅटोची रोपं ठेवलेली असत. कुणी म्हणालं, आमच्या मेव्हण्याचा आवाज पाणबुडीतून आल्यासारखा येतो. कुणी म्हणालं, त्यात काय, मेव्हण्याचा आवाज आधीपासून तसाच आहे.

लव्हॉनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपात बघत म्हणाल्या, "इंटरनेटवरून फोन. वेगळंच आहे हं काहीतरी."

झालं. नॉर्बी लेकमध्ये ‘वेगळंच आहे हं’ याच्या पुढे शिवी नाही. आर्डिसबाई घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि चर्च ते घर हे अंतर अर्धाच मैल आणि तेही व्हर्लिनरावांनीच मोजलेलं असूनही त्यांना त्या दिवशी फार लांब वाटलं.

मग त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. आखीव कागद घेतला, सहा कंपन्यांची नावं उभी, अकरा मुद्दे आडवे, प्रत्येक चौकोनात टोकदार पेन्सिलीनं खूण. ‘नंबर तोच राहतो का?’ हा मुद्दा पहिल्या रांगेत, लाल रेघ मारून. चार दिवसांनी ‘प्रेअरी बेल्स’ नावाची कंपनी जिंकली, आणि गुरुवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ते फोन करायला बसले. (फोनवर शर्ट दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. पण आपल्याला माहीत असतंच ना आपण काय घातलंय ते!)

पलीकडे रोझलिन नावाची मुलगी होती. ती फ्लोरिडात बसली होती आणि तिथलं ऊन तिच्या आवाजातच पडलेलं कळत होतं.

"मिस्टर नेस्टगार्ड, तुमचा जुनाच नंबर ठेवायचाय का? आम्ही आणून देऊ."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं इथेच घडलं. नॉर्बी लेकमध्ये कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा ‘नको’ म्हणतात. दुसऱ्यांदा ‘उगाच तुम्हाला कशाला त्रास’. तिसऱ्यांदा ‘आता तुम्ही काढलंच आहे तर, अर्धाच कप’. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा शिकागोचा असतो. व्हर्लिनराव अडुसष्ट वर्षांचे होते आणि सगळ्या जगात हीच पद्धत आहे, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. त्यामुळे जीभ आपोआप वळली.

"नको नको. माझ्यासाठी कशाला उगाच एवढं!"

"बरं!" रोझलिन म्हणाली, आणि कळफलकाचा टक् असा आवाज आला. "निरोप साठवायची सोय हवी?"

व्हर्लिनराव दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते. नंबराचं शेवटी परत विचारेल, असं त्यांनी धरलं. "नको, तेवढं काही नको."

टक्.

"कुणाचा फोन आहे ते दिसायला?"

"छे, राहू दे."

टक्. असे सात टक् झाले. मग रोझलिननं ‘तुमचा दिवस छान जावो’ म्हणून फोन ठेवला, आणि व्हर्लिनराव रिसीव्हर हातात धरून जरा वेळ बसले. पोरगी बरी होती, पण घाईत दिसत होती. दुसऱ्यांदा विचारायला उद्या फोन करेल.

रोझलिनचा फोन आला नाही. सोमवारी इंटरनेट फोनची डबी आली.

डबी बसवताना काही म्हणजे काही चुकलं नाही. मोडेमला एक वायर, भिंतीला एक, स्वयंपाकघरातल्या फोनला एक. तासाभरात स्वच्छ डायलटोन. जुनी तार त्यांनी सुटी करून तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रावर नेऊन ठेवली. मग ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि तेवढ्यात नव्या फोनची पहिली घंटा वाजली.

"घे तूच," आर्डिसबाई हात पुसत, खूश होऊन म्हणाल्या.

"हॅलो," पलीकडून जाड आवाज आला, "बारीक मासे आलेत का?"

तो नंबर आधी बॅक्स्टर तळ्यावरच्या एका दुकानाचा होता. बर्फाला भोक पाडून मासे पकडणाऱ्यांना हे दुकान गळाला लावायला जिवंत बारीक मासे विकायचं, आणि रोज सकाळी बर्फ किती जाड आहे ते सांगायचं. दुकान शरदातच बंद झालं होतं. नंबर मोकळा पडला होता. आणि तो आता नेस्टगार्डांचा होता.

"व्हर्लिन," आर्डिसबाई म्हणाल्या. फक्त एवढंच. पण त्या एका शब्दात त्यांनी लाल रेघ मारलेल्या पहिल्या मुद्द्यापासून ते लव्हॉन ब्रुफ्लाटपर्यंत सगळं म्हणून टाकलं.

ही चूक दुरुस्त व्हायला हवी होती हे खरं, पण त्याच्या आधी आणखी एक भानगड झाली. फोन करणाऱ्याला ‘राँग नंबर’ म्हणून तोडून टाकणं व्हर्लिनरावांना जमेना. माणूस पहाटे उठलेला, बर्फावर जायला निघालेला, त्याला असं कसं उडवायचं? पहिल्याला त्यांनी सांगितलं, मासे नाहीत हो, पण आमच्या तळ्यावरचा बर्फ अंदाजे सतरा इंच असेल. मग ‘अंदाजे’ हा शब्द त्यांचा त्यांनाच खुपला. दुसऱ्या दिवशी ते गिरमिट घेऊन तळ्यावर गेले आणि मोजून आले. साडेसोळा. बुधवारपर्यंत सकाळी नऊ फोन यायला लागले. एकानं तर विचारलं, "कालचा माणूसच बोलतोय ना? तो फार बिनचूक सांगतो." व्हर्लिनरावांचा चेहरा असा उजळला, की आर्डिसबाईंनी हातातला डाव ओट्यावर आपटला.

"तू माझा नंबर परत आणणार आहेस, की तळ्याला भोकं पाडणार आहेस?"

त्या दोन दिवसांत त्या स्वतः तळघरात बसून होत्या. जुनी लाइन अजून जिवंत होती. म्हणून त्यांनी माळ्यावरचा जुना फोन काढून तिला जोडला होता, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकली होती आणि अंगात कोट घालून विणत होत्या. वेळ सांगून येत नाही कुणाची. म्हाताऱ्या एव्हलीन स्टोर्डाल तर जानेवारीपासून ‘फार काही बऱ्या नाहीत’ अशा होत्या.

व्हर्लिनरावांनी नंबर सोडवून घ्यायला जुन्या कंपनीला फोन लावला.

"लाइन सेल्मर नेस्टगार्ड यांच्या नावावर आहे," तिथली बाई म्हणाली. "त्यांना फोनवर द्या."

सेल्मर म्हणजे व्हर्लिनरावांचे वडील. नाव बदलायचं राहून गेलं होतं; खरं म्हणजे वडिलांचं नाव खोडायचं व्हर्लिनरावांच्या जिवावर आलं होतं.

"ते नाहीयेत."

"कधी येतील?"

वडील वारलेत असं परक्या बाईला धाडकन सांगून तिला अवघडल्यासारखं करायचं म्हणजे काय! "लवकर येतील असं वाटत नाही," व्हर्लिनराव जपून म्हणाले.

"मग शुक्रवारपर्यंत त्यांना फोन करायला सांगा."

"त्यांना ते अवघड जाईल."

"आजारी आहेत का?"

"आता नाहीत," व्हर्लिनराव म्हणाले.

हे असं चांगलं दहा मिनिटं चाललं. शेवटी एकदाचं त्या बाईला कळलं आणि ती म्हणाली, मृत्यूचा दाखला पाठवा. व्हर्लिनराव तालुक्याच्या कचेरीत गेले, दाखला काढला, वडिलांना ओळखणारे दोघं भेटले त्यांच्याशी उभ्या उभ्या वडिलांच्या ट्रॅक्टरबद्दल बोलले, आणि दाखला तिथूनच फॅक्सनं पाठवून दिला. त्या कंपनीचा कारभार मात्र फारच तत्पर. बुधवारी दुपारीच त्याच फॅक्सवर उत्तराचं पत्र आलं: खातेदार मयत असल्याचे समजले, आपल्या दुःखात सहभागी आहोत, मयत खातेदाराची लाइन नियमानुसार शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता बंद होईल. तत्पूर्वी नव्या कंपनीने नंबर मागितल्यास तो देण्यात येईल, अन्यथा तो कायमचा रद्द.

म्हणजे महिनाअखेरपर्यंत जगणारा नंबर त्यांनी खटपट करून दीड आठवडा आधीच मरणाला टेकवला होता. व्हर्लिनरावांनी पत्राच्या चार घड्या घालायचा प्रयत्न केला. पाच झाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी रोझलिनला गाठलं.

"पण मी विचारलं होतं तुम्हाला!" ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात. थांबा, रेकॉर्डिंग आहे." आणि तिनं ते लावलं. ‘नको नको. माझ्यासाठी कशाला उगाच एवढं!’

व्हर्लिनरावांनी स्वतःचा आवाज लक्ष देऊन ऐकला. "ऐका की," ते म्हणाले, "किती स्पष्ट हो म्हणतोय तो माणूस!"

रोझलिननं रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाली, "मिस्टर नेस्टगार्ड, मी आता परत अर्ज उघडते. यंत्र एकदाच विचारतं. ‘हो’ सोडून दुसरं काहीही म्हणालात तर ते ‘नाही’ धरतं आणि अर्ज दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद होतो. तयार? जुना नंबर हवा आहे का?"

व्हर्लिनरावांनी श्वास घेतला. समोर आर्डिसबाई उभ्या होत्या. सगळं माहीत होतं, सगळं कळत होतं. आणि तरी तोंडातून आलं, "म्हणजे, तुम्हाला फार त्रास होणार नसेल, तर—"

टक्.

"अरेरे," रोझलिन म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "उद्या आठ वाजता या."

आर्डिसबाईंनी रागावून काही उपयोग नव्हता, आणि तेवढा वेळही नव्हता. त्यांनी नवऱ्याला टेबलाशी बसवलं आणि कॉफीची किटली समोर ठेवली.

"कॉफी घेणार?"

"नको, आत्ताच तर—"

"व्हर्लिन."

"हो."

"असं नाही. तोंड पाडून नाही. कुणी हिसकावून घेतंय असा चेहरा नको. परत. कॉफी घेणार?"

"अर्धा क—"

"व्हर्लिन!"

"हो."

प्रत्येक ‘हो’नंतर कप भरला जाई आणि तो प्यावाच लागे, कारण हो म्हणून न पिणं म्हणजे तर भलतंच. आठव्या कपाला ‘हो’ जरा सुटसुटीत झालं. अकराव्याला ते प्रश्न संपायच्या आत यायला लागलं. बाईंनी मग चाचणी म्हणून मधेच विचारलं, "माझी बहीण मे महिन्यात तीन आठवडे राहायला येऊ दे?" "हो!" व्हर्लिनराव म्हणाले. बाईंनी ते कॅलेंडरवर लिहून टाकलं.

शुक्रवारी आठ वाजता व्हर्लिनराव खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"जुना नंबर हवा—"

"हो!!"

"वा!" रोझलिन ओरडली. "निरोप साठवायची सोय?" "हो!" "कुणाचा फोन ते दिसायला?" "हो!" "स्पॅनिशमधून सूचना?" "हो!" "पाराग्वेला स्वस्तात—" इथे आर्डिसबाईंनी रिसीव्हर काढून घेतला.

मग दिवसभर वाट बघणं. जुना नंबर सुटून नव्या डबीत यायला आठ तास लागतील असं रोझलिननं सांगितलं होतं, आणि आठ वाजल्यापासून आठ तास म्हणजे चार. पाचला सगळं संपणार. तीन वाजता आर्डिसबाई तळघरात गेल्या आणि त्यांनी जुना फोन कानाला लावला. अजून डायलटोन होता. साडेतीनला होता. चारला होता. साडेचारला तो गेला, आणि वर स्वयंपाकघरातल्या फोनवर तर काहीच होईना. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. नंबर जुन्या घरातून निघाला होता आणि नव्या घरी पोचला नव्हता. कुठे होता कुणास ठाऊक. आर्डिसबाईंनी साखळीचा कागद पुढ्यात ओढला, वरच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि तसाच धरून ठेवला. त्या रडत बिडत नव्हत्या.

पाचला सात मिनिटं असताना फोन वाजला. डबीवर नव्यानं घेतलेल्या सोयीप्रमाणे नाव उमटलं: ब्रुफ्लाट.

व्हर्लिनरावांनी उचलला.

"अगंबाई, लागला की!" लव्हॉनबाई म्हणाल्या. पुस्तिकेतला नंबर फिरवून पाहिला होता त्यांनी. आवाज इतका स्वच्छ होता, की त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "मी म्हटलं, बघावं जरा. व्हर्लिन, आता तुमच्याकडे सगळं नवीन, इंटरनेट आणि काय काय. आर्डिसवर उगाच ताण नको. साखळीचा पहिला फोन माझ्याकडे घेऊ का? तिचं ओझं तेवढंच हलकं होईल."

असं त्या दर वर्षी विचारत. दर वर्षी नेस्टगार्डांकडून ‘नको नको’ येई. अठरा वर्षं विचारत होत्या.

"हो!" व्हर्लिनराव म्हणाले.

म्हणाले म्हणजे काय, ते बाहेर पडलं. आदल्या दिवशीचे अकरा कप आणि सकाळचे सगळे ‘हो’ यांच्या धक्क्यानं ते आपोआप आलं. टेबलाशी आर्डिसबाईंचा अंगठा कागदावर घट्ट दाबला गेला. व्हर्लिनरावांच्या डोळ्यांपुढे एकोणीस वर्षांचे हॅम आणि हॉटडिश रस्ता ओलांडून समोरच्या घरात चालत जाताना दिसले.

पलीकडे नुसती टिकटिक. लव्हॉनबाईंची अठरा वर्षांची तयारी ‘नको’ला उत्तर द्यायची होती. ‘हो’च्या पुढे काय म्हणायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आणि त्याही शेवटी नॉर्बी लेकच्याच. कुणी काही हातात ठेवलं, की पहिल्यांदा काय म्हणायचं, ते त्यांच्या जिभेलाही पक्कं ठाऊक होतं.

"छे छे," त्या म्हणाल्या. "नको! मी आपलं सहज म्हटलं रे. मला कुठे झेपणार ते सगळं! माझे गुडघे तरी बघ."

आता व्हर्लिनरावांनी म्हणायचं होतं, ‘अगं झेपेल तुला, तुझ्याइतकं व्यवस्थित दुसरं कोण करेल?’ मग लव्हॉनबाईंनी म्हणायचं होतं, ‘नाही रे बाबा, आर्डिसची सर कुणाला.’ मग तिसऱ्यांदा विचारायचं, आणि मग ते द्यायचं. त्या थांबल्या होत्या. घड्याळाच्या टिकटिकीतून त्यांचं थांबणं स्वच्छ ऐकू येत होतं, इतका चांगला आवाज त्या डबीचा. व्हर्लिनरावांची जीभ टाळ्याला लागली, आग्रहाचा पहिला शब्द तयार झाला. त्यांनी समोर पाहिलं. आर्डिसबाईंचा अंगठा अजून कागदाच्या वरच्या ओळीवरच होता.

"बरं, मग राहू दे," व्हर्लिनराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

आर्डिसबाईंनी कागदावरचा अंगठा उचलला.

"तू तिला परत विचारलं नाहीस," आर्डिसबाई हळूच म्हणाल्या.

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी त्याच्याकडे लग्नाआधी, तळ्यावर पहिल्यांदा स्केटिंग करताना पाहिलं असेल. मग कागदाची घडी घालून ती फोनशेजारच्या खणात ठेवली आणि त्या बटाटे काढायला तळघरात गेल्या.

व्हर्लिनराव खुर्चीत बसले. अडुसष्ट वर्षांत आपण एखाद्याशी इतकं उद्धटपणे वागलेलो नाही, हे त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं. आता आपल्याला लाज वाटणार, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून ते हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, लाज यायची वाट बघत बसले. चांगली पाच मिनिटं बसले. पण ती काही आली नाही.